दाखला पेटीत अन् पोरगं कोठडीत
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कोणत्या विषयावर बोलणार असे समितीने विचारले तेव्हा आम्ही म्हटले, या वेळी आम्ही आमची एक चूक सांगू. विहारात बसून चूक लपवणे बरे नाही.

काही वर्षांपूर्वी आपल्या भागातला एक पोरगा पोलिसांनी उचलला. शेतातल्या मोटारपंपाची केबल चोरल्याचा आरोप होता. सोबत दोन मोठी माणसे होती. त्याची माय रडत आली, "आता कसं करू जी?" आम्ही धावलो. ओळखीपाळखीच्यांचे पाय धरले, उसने पैसे आणले, माउलीच्या कानातले गहाण पडले. सारे केले, पण पोरगा किती वर्षांचा आहे, एवढे काही विचारले नाही. कागदावर कुणीतरी तोंडी ऐकून १९ लिहिले होते. पोरगा अंगाने थोराड, दहावीनंतर मजुरीला जाणारा. आम्हालाही ते खरेच वाटले. अकरा दिवस झाले तरी तो मोठ्या कैद्यांतच होता.

बाराव्या दिवशी कोर्टाच्या आवारात एक मुलगी भेटली. कायद्याचे शिक्षण घेणारी, विधी सेवा प्राधिकरणात महिनाभर इंटर्नशिपला म्हणजे उमेदवारीला आलेली. तिने वही उघडली आणि पहिलाच प्रश्न केला, "काका, याच्या शाळेचा दाखला कुठे आहे?" दाखला घरी पेटीत होता, लुगड्यांच्या खाली. त्यावरच्या जन्मतारखेने हिशेब केला, तर घटनेच्या दिवशी पोरगा सतरा वर्षे दोन महिन्यांचा! प्राधिकरणाच्या वकिलांनी अर्ज केला, प्रकरण बाल न्याय मंडळाकडे गेले, पोरगा मायच्या हवाली झाला. वकिलाची फी एक रुपयाही लागली नाही.

बंधूंनो, हा चमत्कार नव्हता, कायदाच तसा आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमाप्रमाणे अठरा वर्षांखालच्या आरोपी मुलाला 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. चोवीस तासांच्या आत मंडळापुढे आणावे लागते. मंडळात एक न्यायदंडाधिकारी आणि दोन समाजसेवक असतात, त्यांत एक तरी महिला पाहिजे. वयाबद्दल शंका असेल तर आधी शाळेचा दाखला किंवा मॅट्रिकचे प्रमाणपत्र पाहतात, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, आणि तोही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अत्यंत गंभीर गुन्ह्याचा आरोप असला, तर त्याचा खटला मोठ्यांप्रमाणे चालू शकतो. तिथे तर चांगला वकील पाहिजेच.

आणि वकील फुकट मिळतो. राज्यघटनेत १९७६ साली ३९ (अ) हे कलम आले, १९८७ साली विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा झाला, तो १९९५ पासून लागू आहे. अनुसूचित जाती-जमाती, स्त्रिया, मुले आणि कैदेत असलेली माणसे यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोन क्रमांक १५१००. मुलांसाठी १०९८. घरी जाऊन भिंतीवर लिहून ठेवा.

हे हक्क कुणी ताटात वाढून दिलेले नाहीत. मुंबईच्या पोलीस कोठडीतील स्त्रियांचे हाल पत्रकार शीला बारसे यांनी सुप्रीम कोर्टाला पत्राने कळवले. त्यावर १९८३ साली निकाल झाला, की अटक होताच विधी साहाय्य समितीला कळवले पाहिजे. पुढे तुरुंगातल्या मुलांसाठीही त्याच लढल्या. अमेरिकेसारख्या देशात पंधरा वर्षांच्या जेराल्ड गॉल्टला एका अश्लील फोनच्या आरोपावरून एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृहात डांबण्याचा हुकूम झाला होता. मोठ्या माणसाला त्याच गुन्ह्यासाठी फार तर दोन महिने कैद झाली असती. मुलालाही वकिलाचा हक्क आहे, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली सांगितले.

पण वकील मिळाला म्हणजे काम संपले काय? वकिलापुढे फाइलींचा ढीग असतो. शाळेत जाऊन दाखला कोण आणेल? तारीख पुढे गेली म्हणजे काय, हे मायला तिच्या बोलीत कोण समजावेल? घाबरलेल्या पोराजवळ बसून खरी हकीकत कोण लिहून घेईल? इथेच कायद्याच्या विद्यार्थ्याचे काम आहे. त्याला कोर्टात युक्तिवाद करता येत नाही, पण ही धावपळ करता येते. बार कौन्सिलच्या नियमाने तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवडे उमेदवारी सक्तीची आहे. एका वर्षात सलग चार आठवड्यांहून जास्त नाही. आपली पोरे नागपूरला कायदा शिकतात. मोठ्या वकिलाच्या ऑफिसात पंख्याखाली बसून प्रमाणपत्र आणण्यापेक्षा त्यांनी त्यातले चार आठवडे तरी आपल्या जिल्ह्यातल्या पोरांसाठी द्यावेत.

बाबासाहेबांनी वकिली केली, ते कायद्याच्या कॉलेजचे प्राचार्यही झाले. १९२६ साली 'देशाचे दुश्मन' पुस्तकाच्या खटल्यात त्यांनी जेधे-जवळकरांची बाजू लढवून त्यांना सोडवले. १९५४ साली ते आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले आणि पडले. त्या पराभवाचे शल्य आपण सांगत बसतो. पण त्यांनी मिळवून दिलेला कायदा पेटीत ठेवला, तर तो दोष कुणाचा?

तेव्हा समितीला आमची विनंती आहे. प्रत्येक घरातल्या मुलांच्या दाखल्याची झेरॉक्स पालकांनी हाताशी ठेवावी. कायदा शिकणाऱ्या मुलामुलींनी सुटीत आधी प्राधिकरणाकडे अर्ज करावा. आणि पोरगा सुटून आला की त्याचे नाव चारचौघांत घेऊ नये. कायद्यानेही त्याची ओळख उघड करायला बंदी आहे. अंगुलिमालाला तथागतांनी संघात घेतले, तिथे एका केबलीसाठी आपण पोराला जन्मभर चोर म्हणावे काय?

तो पोरगा आज कोण, कुठे, हे आम्ही सांगणार नाही. कष्टाने कमावतो, एवढे पुरे. पण आमच्या अज्ञानामुळे गेलेले त्याचे ते दिवस आम्ही परत देऊ शकलो नाही. दुसऱ्या कुणाच्या पोराचे तसे होऊ नये, म्हणून आज बोललो.

जय भीम! जय भारत!