कुणाची तरी बायको, आणि मतदार

कानपूर, प्रयागराज, झाशीहून पहाटेच्या गाड्या पकडून लखनौच्या अमौसीला पोचलेल्या मैत्रिणींनो,

मी बोलता बोलता थांबले, तर विसरले असं समजू नका. विमानतळ शेजारीच आहे, डोक्यावरून विमान जात असेल.

मताधिकारावर बोला, असं मला सांगितलं होतं. विषयासाठी लांब जायला नको. आपण बसलोय ती अमौसी सरोजिनीनगर विधानसभा मतदारसंघात आहे. सरोजिनी नायडूंच्या नेतृत्वाखाली स्त्रियांचं शिष्टमंडळ 18 डिसेंबर 1917 ला मद्रासमध्ये भारतमंत्री माँटेग्यूंना भेटलं आणि पुरुषांइतकाच मताधिकार मागून आलं. याच सरोजिनीबाई स्वातंत्र्यानंतर या प्रांताच्या राज्यपाल झाल्या आणि 2 मार्च 1949 ला लखनौतच वारल्या.

त्या भेटीच्या एकच वर्ष आधी, 1916 मध्ये, इथे लखनौ करार झाला होता. टिळक आले होते. आपल्या मराठी घरांतून ती हकीकत अभिमानाने सांगतात, मीही सांगते. पण कोणत्या समाजाला किती जागा, याचा इतका बारीक हिशेब मांडणाऱ्या त्या करारात बायकांचा वेगळा उल्लेखही नव्हता. मुलींच्या इंग्रजी शाळेला टिळकांनी पुण्यात केलेला विरोध आठवला, की त्याचं फार नवलही वाटत नाही.

पुढचं थोडक्यात सांगते. मताधिकाराचा विचार करायला नेमलेल्या साउथबरो समितीने 1919 मध्ये बायकांच्या मताला नाही म्हटलं. मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन तिथल्या संसदेच्या समितीपुढे बोलल्या. शेवटी इंग्रजांनी हा प्रश्न प्रांतांवर सोडला. मद्रास आणि मुंबईने 1921 मध्ये दार उघडलं, आपल्या संयुक्त प्रांताने 1923 मध्ये. मुंबई प्रांतात त्यासाठी झटणाऱ्यांत रमाबाई रानडे होत्या. तेव्हा त्या साठीला आल्या होत्या, आणि मुलींनाही प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून त्याच सुमारास पुणे नगरपालिकेशी भांडत होत्या.

पण मत मिळालं ते कुणाला? जिच्या नावावर सारा किंवा कर भरला जातो तिला. आता नावावर काही असलेल्या बायका अशा होत्या किती!

इथे मला नावाबद्दल बोलायचंय. रमाबाई माहेरच्या यमुना कुर्लेकर. लग्नात नाव बदललं. अखिल भारतीय महिला परिषदेचं पहिलं अधिवेशन जानेवारी 1927 मध्ये पुण्यात भरलं. अध्यक्ष होत्या बडोद्याच्या महाराणी चिमणाबाई, माहेरच्या गजराबाई घाटगे. त्यांना लग्नानंतर मिळालेलं नाव सयाजीरावांच्या वारलेल्या पहिल्या पत्नीचं होतं. आणि त्या पहिल्या चिमणाबाईसुद्धा माहेरच्या लक्ष्मीबाई! देशातल्या बायकांच्या वतीने उभी राहणारी बाई, आणि तिचं नाव दुसरीकडून आलेलं.

हीच परिषद 1932 सरताना लखनौत भरली, लेडी रमणभाई नीलकंठ यांच्या अध्यक्षतेखाली. तेव्हा नव्या घटनेत बायकांना मत कसं द्यायचं, हा वाद पेटला होता. सरकारी तोडगा असा, की मतदार पुरुषाची बायको म्हणून काहींना मत द्यावं. परिषदेचं म्हणणं सरळ होतं: नवऱ्याच्या आधाराने नको, प्रौढ माणूस म्हणून द्या. लखनौत जन्मलेल्या राजकुमारी अमृत कौर 1933 मध्ये मुथुलक्ष्मी रेड्डी आणि शरीफा हमीद अलींबरोबर लंडनला जाऊन हेच बोलल्या. ऐकलं गेलं नाही. 1935 च्या कायद्यात बायकोपणाची अट राहिलीच.

अशा संस्थांचं मी कौतुक करते, पण त्या राण्यांच्या आणि शिकलेल्या घरंदाज बायकांच्या होत्या, हे झाकायचं कशाला? गिरणीतल्या आणि शेतावरच्या बाईपर्यंत मत न्यायचं तर प्रौढ मताधिकाराशिवाय मार्ग नव्हता. ती मागणी डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्येच सायमन आयोगापुढे ठेवली होती.

तो हक्क 1950 मध्ये संविधानाने दिला. आणि पहिल्याच निवडणुकीच्या यादीतून जवळपास 28 लाख बायकांची नावं गाळावी लागली! कारण त्यांनी नाव सांगितलंच नव्हतं. अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच लिहून दिलं होतं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशी नोंद चालणार नाही असं ठरवलं. गाळलेल्यांत उत्तर प्रदेशच्या बायका पुष्कळ होत्या. मला सेन यांचा निर्णय कठोर वाटतो, पण बरोबर वाटतो.

आपण मराठी बायका उखाणा घेतो, म्हणजे नवऱ्याचं नाव घेतो. स्वतःचं नाव सांगायची वेळ उखाण्यात येतच नाही.

माझंच घ्या. लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा आधी सासरी नाव बदललं, मग आडनाव. एका निवडणुकीत यादीत माझं माहेरचं नाव, हातातल्या कागदावर सासरचं. केंद्रावरच्या माणसाने विचारलं, "इनमें से आप कौन हैं?" मी म्हटलं, "दोन्ही." मत न देता परत आले.

शेतकरी महिला आघाडीच्या बायकांना हे नावाचं मर्म नेमकं कळलं होतं. 1986 मध्ये चांदवडला त्या प्रचंड संख्येने जमल्या. पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली: जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करा. 1921 च्या मताची अडचण जिथे होती, तिथेच त्यांनी बोट ठेवलं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव बापाच्या आधी लागतं, हेही मला मोठं काम वाटतं.

बाकी आपण मराठी माणसांनी पुरोगामी म्हणून फार मिरवू नये. उत्तर प्रदेशाने 1963 मध्ये सुचेता कृपलानींना मुख्यमंत्री केलं, देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री, आणि नंतर मायावतींना चारदा. महाराष्ट्राने आजवर एकीलाही केलेलं नाही. 2023 च्या घटनादुरुस्तीने विधानसभेतल्या एकतृतीयांश जागा बायकांना देऊ केल्या, पण जनगणना आणि मतदारसंघांची फेररचना झाल्यावर.

तोवर एक करा. मंडपाच्या दाराशी टेबलावर नवीन नोंदणीचा फॉर्म 6 आणि दुरुस्तीचा फॉर्म 8 ठेवलाय. जेवायला बसण्याआधी तिथल्या मुलींकडून आपलं नाव यादीत बघून घ्या. सुनेचं बघा, आणि घरी भांडी घासायला येणाऱ्या बाईंचंही. चुकीचं असेल तर आजच भरून द्या.