चिमूटभर मीठ आणि मूठभर गूळ

(नभोवाणीवरील भाषण)

दारिद्र्य आणि रोग ह्यांची सोयरीक फार जुनी आहे. ज्या घरी स्वच्छ पाणी नाही त्या घरी रोग आधी शिरतो. आणि तो शिरला की गाठीचे चार पैसे औषधपाण्यात जाऊन दारिद्र्य अधिकच घट्ट पाय रोवते. ह्या दुष्टचक्राचा विचार करू लागले की मोठ्या योजना, मोठी रुग्णालये आणि मोठ्या रकमा डोळ्यांपुढे येतात. त्यांची आवश्यकता आहेच. तथापि गेल्या अर्धशतकात लक्षावधी बालकांचे प्राण वाचविण्यास जे एक साधन कारणीभूत झाले, ते बहुतेक गरीब घरांत चुलीशेजारीच पडून होते. मीठ, गूळ आणि पाणी एवढेच ते साधन! उणीव होती ती त्याच्या उपयोगाच्या ज्ञानाची. बांगला देशातील खेड्यापाड्यांत हे ज्ञान ज्या रीतीने पोहोचविले गेले, ती हकीकत श्रोत्यांनी ऐकण्यासारखी आहे.

पटकी किंवा हगवण ह्यांनी माणूस मरतो तो मुख्यतः शरीरातील पाणी आणि क्षार झपाट्याने निघून गेल्यामुळे. लहान मूल तर काही तासांतच सुकून जाते. शिरेतून सलाईन दिले म्हणजे हे मरण टळते, ही गोष्ट वैद्यकास पूर्वीपासून ठाऊक होती. पण सलाईनला निर्जंतुक बाटली हवी, सुई हवी आणि ती टोचणारा जाणता माणूस हवा. खेड्यात ह्यांपैकी काहीच नसे. नुसते पाणी पाजावे, तर ते तसेच बाहेर पडे. पुढे संशोधकांच्या ध्यानात आले की, पाण्यात मीठ आणि साखर योग्य प्रमाणात एकत्र असली तर आजारी आतडेसुद्धा ते पाणी शोषून घेते. साखर जणू मिठाचा हात धरून त्याला आत नेते आणि त्यांच्यामागोमाग पाणीही जाते. 1968 साली ढाक्यात पटकीच्या रोग्यांवर हा उपाय यशस्वी ठरला.

त्याची खरी कसोटी लागली ती 1971 साली. पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले होते. सीमेवरील बनगाव येथे पटकीची साथ उसळली आणि सलाईनचा साठा पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस आणि त्यांचे सहकारी ह्यांनी मीठ, ग्लूकोज व खाण्याचा सोडा पाण्यात कालवून ते पिंपांत भरले, आणि रोग्यांना पाजण्याचे काम त्यांच्या आईबापांवर व भावंडांवर सोपविले. ज्या छावणीत शंभर रोग्यांमागे सुमारे तीस दगावत होते, तेथे हे पाणी घेणाऱ्यांमधील मृत्यूंचे प्रमाण चारांच्याही आत आले. जे काम डॉक्टरांचेच असे मानले जात होते, ते निर्वासित स्त्रीपुरुषांनी हातात पेला घेऊन केले.

युद्ध संपले आणि निर्वासित मायदेशी परतले. त्यांच्या पुनर्वसनासाठी 1972 साली फझले हसन आबेद ह्या पेशाने हिशेबनीस असलेल्या गृहस्थांनी एक संस्था स्थापन केली. ‘ब्रॅक’ ह्या संक्षिप्त नावाने ती पुढे जगभर ओळखली गेली. देशात बालके हगवणीने दगावतच होती. औषधाच्या पुड्या प्रत्येक खेड्यात पोहोचविणे तेव्हा शक्य नव्हते. म्हणून आबेद ह्यांच्या संस्थेने 1979 साली सुल्ला भागात एक प्रयोग आरंभिला: तीन बोटांची चिमूट मीठ, एक मूठ गूळ आणि अर्धा शेर पाणी. हे प्रमाण प्रत्येक आईला तिच्या स्वतःच्या घरी जाऊन शिकवावयाचे. पुढच्याच वर्षी ही मोहीम मोठ्या प्रमाणावर सुरू झाली.

शिकविणाऱ्या खेड्यांतून निवडलेल्या तरुण स्त्रिया होत्या. शिकणाऱ्यांपैकी बहुतेकींना अक्षरओळख नव्हती. त्यामुळे छापील पत्रकांचा उपयोग नव्हता. हगवण का होते, मूल सुकते आहे हे कशावरून ओळखावे, द्रावण केव्हा व किती पाजावे, आजारातही मुलाचे अन्न का तोडू नये, अशा दहा गोष्टी तोंडी सांगावयाच्या आणि आईकडून वदवून घ्यावयाच्या. त्यानंतर आईने स्वतःच्या बोटांनी मीठ घ्यावयाचे आणि स्वतःच्या भांड्यात द्रावण करून दाखवावयाचे. मीठ जास्त पडले तर मुलाला अपाय होण्याचा संभव असल्यामुळे हातांना नेमकी सवय लागणे अगत्याचे होते.

ह्या शिक्षणाची परीक्षाही मोठी मार्मिक होती. काही आठवड्यांनी दुसरा निरीक्षक येऊन त्यांतील काही घरे आपल्या मनाने निवडी, आयांना प्रश्न विचारी आणि त्यांच्या हातचे द्रावण तपासणीसाठी घेऊन जाई. आयांच्या ध्यानात जेवढे राहिले असेल त्या मानाने शिक्षिकेचा मोबदला ठरे. किती घरे पालथी घातली ह्याला महत्त्व नव्हते. विद्यार्थिनीला आले नाही तर तो दोष शिकविणारीचा, हे तत्त्व तेथे प्रत्यक्ष व्यवहारात आले.

एवढे करूनही पहिला अनुभव निराशाजनक होता. आयांना धडा तोंडपाठ होता, द्रावणही उत्तम करता येत होते. पण मूल आजारी पडले की फारच थोड्या जणी ते पाजीत. ह्याचे कारण शोधू लागताच दोष शिकविणारांकडेच निघाले. पहिला दोष शब्दाचा. शिक्षिका ‘डायरिया’ म्हणत, आणि खेड्यातील स्त्रीच्या लेखी ‘डायरिया’ म्हणजे केवळ पटकीसारखा भयंकर आजार. अंगावरच्या दुधाने मुलाला होणारी हगवण निराळी, अजीर्ण निराळे, आमांश निराळा, अशी त्यांची आपली वर्गवारी होती. औषध त्या एका आजाराचे. मग इतर आजारांत ते का द्यावे?

दुसरा दोष अधिक खोल होता. स्वतः शिक्षिकांचाच ह्या उपायावर पुरता विश्वास बसलेला नव्हता. पोट बिघडले की त्या गोळ्या घेत. हे उमगल्यावर द्रावण शरीरात काय करते हे त्यांना नीट दाखविण्यात आले, स्वतः आजारी पडल्यास तेच घेण्यास सांगण्यात आले, आणि आईने केलेले द्रावण तिच्या देखत पिण्याचा प्रघात पडला. तिसरी चूक पुरुषांना वगळल्याची होती. घरातील कर्त्याला विश्वासात घेतल्यावाचून नवा उपाय घरात शिरत नाही. म्हणून बाजारात, मशिदीत आणि शाळांत पुरुषांच्या व मुलांच्या सभा होऊ लागल्या. ह्यानंतर मात्र उपयोग वाढत गेला. 1990 पर्यंत, दहा वर्षांत, ह्या स्त्रिया एक कोटी वीस लाखांहून अधिक घरांचे उंबरठे चढल्या होत्या.

1980 च्या सुमारास जगात पाच वर्षांखालील चाळीस लाखांहून अधिक बालके दरवर्षी हगवणीने मरत असावीत, असा अंदाज होता. आज हा आकडा साडेचार लाखांच्या आत आला आहे. शुद्ध पाणी, लसी आणि सुधारलेला आहार ह्यांचाही त्यात मोठा वाटा आहे. परंतु क्षार-साखरेच्या पाण्याचे श्रेय कोणी नाकारीत नाही.

आपल्याकडची स्थिती काय? आता गूळ-मिठाच्या अंदाजाची जागा नेमक्या प्रमाणाच्या पुड्यांनी घेतली आहे, आणि सोबत जस्ताच्या गोळ्याही देतात. ‘आशा’ कार्यकर्त्या ह्या पुड्या खेड्यात पोहोचवितात. तरीही 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हगवण झालेल्या मुलांपैकी सुमारे 61 टक्क्यांनाच हे द्रावण मिळाल्याचे आढळले. उरलेल्यांना ते का मिळत नाही? कर्नाटक व बिहार ह्या राज्यांत झालेल्या आणि 2024 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ह्याचे जे मोठे कारण निघाले ते पुड्यांच्या टंचाईचे नव्हते. ‘लोकांना साधी पुडी नको असते, त्यांना खरे औषध हवे असते’, असा उपचार करणारांचा चुकीचा समज त्याच्या मुळाशी होता. बांगला देशातील शिक्षिकांचाच हा दोष. केवळ तो आता दवाखान्यात जाऊन बसला आहे.

साध्या वस्तूवर विश्वास बसण्यास वेळ लागतो. म्हागडे ते गुणकारी, असे गरिबालाही वाटते आणि शिकलेल्यालाही वाटते. ही समजूत भाषणांनी फारशी ढळत नाही. ओळखीच्या माणसाने घरी येऊन, शेजारी बसून, आपल्या हाताने करून दाखविले म्हणजे ढळते. मूल पहिल्यांदा पातळ हगले की त्याच वेळी पाण्याचा पेला त्याच्या ओठांशी न्यावा, आणि ते मलूल झाले, पाणी पिईना किंवा शौचात रक्त दिसले तर विनाविलंब दवाखाना गाठावा, एवढे दोन धडे प्रत्येक आळीत एका जाणत्या बाईने दुसरीला दिले, तरी ज्या मरणाला आता कोणतेही सबळ कारण उरलेले नाही, ते पुष्कळ अंशी टळेल.