तयार ट्यून की मापाची?

भिलाईहून बोलतोय, आणि आज बाहेर ४४ डिग्री आहे, हे मुद्दाम सांगतो. पुढे कामाला येईल.

परवा माझा भाचा दुर्गहून आला. म्हणाला, "मामा, स्टेज वन मारून घेतो. तयार फाइल आहे, अर्ध्या तासात काम." गाडी सेकंडहँड पोलो जीटी टीएसआय. चाकणला बनलेली, १.२ लिटरचं टर्बो पेट्रोल, कंपनीचा आकडा १०५ पीएस आणि १७५ न्यूटन-मीटर. हप्ते अजून तीन वर्षांचे. त्याला बसवून जे सांगितलं, तेच तुम्हाला सांगतो.

ईसीयूमध्ये तक्ते असतात. टर्बोचा दाब किती, पेट्रोल किती, ठिणगी कधी. कंपनी त्यात थोडी शिल्लक ठेवते, कारण तीच गाडी लेहला चालते आणि चेन्नईलाही. ट्यून म्हणजे ती शिल्लक खाणं. प्रश्न एवढाच, की किती खायची हे कुणी आणि कुठे मोजलं?

तयार फाइल एका गाडीवर, एका हवामानात, एका पेट्रोलवर बनते. युरोपात साधं पेट्रोलच ९५ ऑक्टेनचं. आपल्याकडे किमान अट बरीच वर्षं ९१ होती. आता २० टक्के इथेनॉल आल्यावर ऑक्टेन वाढला, पण इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो, म्हणून तेवढ्याच हवेला पेट्रोल जास्त सोडावं लागतं. जुन्या फाइलला याचा पत्ताच नसतो.

त्यात आपला मे महिना. टर्बो हवा दाबतो, दाबलेली हवा तापते, आणि इथे ती आत शिरतानाच तापलेली असते. ठिणगीची ज्वाळा पोहोचायच्या आत उरलेलं मिश्रण आपोआप पेटलं की नॉकिंग. सेन्सर ते ऐकतो आणि ईसीयू ठिणगी मागे ओढतो. म्हणजे ताकदीचे पैसे मोजले, पण दुपारी ती मिळतच नाही, उलट एक्झॉस्ट जास्त तापतो. माझ्या आधीच्या गाडीत हेच झालं. जानेवारीत रायपूरच्या रस्त्यावर मी खूश होतो. मेमध्ये लॉग काढला तर ठिणगी सहा-सात डिग्री मागे. फाइल देणाऱ्याला फोन केला, तर म्हणे, "बाकी सगळ्यांची चालते."

प्लांटमधल्या माणसाला हे पटवावं लागत नाही. ब्लास्ट फर्नेसमध्येही हवा दाबूनच फुंकतात, पण दल्ली-राजहराचं खनिज तपासल्याशिवाय चार्ज कुणी ठरवत नाही.

मापाची ट्यून म्हणजे तुमच्या गाडीचा लॉग आधी घ्यायचा. मागितलेला दाब आणि मिळालेला दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान, ठिणगी किती मागे जाते. मग फाइल बदलायची, पुन्हा लॉग, पुन्हा बदल. तीन-चार फेऱ्या होतात, पैसेही जास्त. आणि एक सांगतो, 'कस्टम' म्हणून तयार फाइल विकणारेही आहेत. लॉग न मागता फाइल पाठवली, तर ती तयारच. फक्त बिल वेगळं.

मग तयार फाइल वाईटच का? नाही. गाडी पूर्ण स्टॉक असेल, फाइल आपल्या पेट्रोलवर आणि उन्हाळ्यात तपासलेली असेल, आकडे बेताचे असतील, तर मी स्वतः तीच घेईन. इंटरकूलर, टर्बो किंवा एक्झॉस्ट बदलला असेल तर मात्र मापाचीच. डीएसजीवाल्यांनी अजून एक बघावं. या गाडीचा सात गिअरांचा ड्राय क्लच बॉक्स २५० न्यूटन-मीटरपर्यंतचा आहे. इंजिन सहज त्याच्याजवळ नेता येतं, पण क्लचचं बिल आलं की ताकद विसरायला होते. वॉरंटी तर दोन्हीत जाते. विमा कंपनीला आधी कळवा, क्लेमच्या वेळी नको.

भाच्याला म्हटलं, आधी ट्यूनशिवायच दुपारी दोनचा लॉग काढू. नंदिनी रोडवर नाही, बाहेर मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेत. काढला, तर स्टॉक फाइलवरच दोन सिलिंडरमध्ये ठिणगी मागे जात होती. प्लग उघडले तर झिजलेले, एअर फिल्टर लाल धुळीने भरलेला. दोन्ही बदलले. भाचा चक्कर मारून आला आणि म्हणाला, "मामा, ट्यून न करताच पळतेय की!"

ट्यूनचे पैसे अजून त्याच्याकडेच आहेत. पाऊस पडायच्या आत अजून एक लॉग घ्यायचाय, मग बघू.