किल्ली कोणाकडे असते?



आजच्या विषयाचं नाव जरा सरकारी वाटेल: नियोजनाच्या प्रकल्पांमधल्या स्त्री-पुरुष समानतेचं मूल्यमापन, आणि चांगल्या कामांची देवाणघेवाण. नाव ऐकूनच झोप यावी असं आहे. म्हणून मी सुरुवात एका कुलपापासून करते.

मी नगररचना शिकले आणि माझी बरीच वर्षं सरकारी पैशातून झालेली कामं तपासण्यात गेली. एका मध्यम आकाराच्या शहरात बसस्थानकाचं नूतनीकरण झालं होतं. शहराचं नाव सांगत नाही, कारण चूक त्या शहराइतकीच माझीही होती. नवा निवारा, नवी बाकं, दिवे आणि बायकांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह. माझ्या हातात तपासणीची यादी होती. महिलांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आहे का? होय. दिव्यांची सोय आहे का? होय. नियोजनाच्या बैठकीत महिलांचा सहभाग होता का? हजेरीपटावर सह्या होत्या. होय. सकाळी अकराला मी तिथे पोचले आणि जेवायच्या वेळेपर्यंत काम आटोपलं. अहवाल चांगला झाला. पुढे तो ‘उत्तम उदाहरण’ म्हणून एका पुस्तिकेत छापला गेला आणि ती पुस्तिका इतर नगरपालिकांना वाटली गेली.

दोन वर्षांनी वेगळ्याच कामासाठी मी त्याच स्थानकावर उतरले. संध्याकाळचे साडेसात वाजले होते. स्वच्छतागृहाला कुलूप. शेजारी भाजीची पाटी घेऊन एक मावशी बसल्या होत्या, त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, “ताई, किल्ली त्या पानाच्या टपरीवर असते. सहानंतर तो देत नाही. आणि देत असला तरी तिथे चार पुरुष उभे असताना किल्ली मागायला कोण जातंय?”

“मग तुम्ही काय करता?”

“दुपारनंतर पाणीच पीत नाही.”

मंडळी, माझ्या अहवालात एकही वाक्य खोटं नव्हतं. स्वच्छतागृह होतं, दिवे होते, सह्या होत्या. तरी अहवाल चुकीचा होता. आणि ती चूक मी छापून दहा ठिकाणी पाठवली होती.

मी बांधकाम मोजलं होतं, वापर मोजलाच नव्हता. सकाळी अकराला ते दार उघडं होतं, म्हणून माझ्या कागदावर ते दिवसभर उघडं राहिलं.

त्यानंतर मी शोधायला लागले, की ज्यांना हे जमलंय त्यांनी नेमकं काय मोजलं. या विषयात एका शहराचं नाव सारखं पुढे येतं, ते म्हणजे ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना. त्यांच्याकडे पैसा आहे, हवा थंड आहे, गर्दी आपल्यासारखी नाही. त्यामुळे त्यांच्यासारख्या बागा करा असं मी म्हणणार नाही. आपण त्यांनी विचारलेले प्रश्न बघू.

१९९१ साली तिथे एक छायाचित्र प्रदर्शन भरलं. शहरातल्या मोकळ्या जागा कोणाच्या, असा त्याचा विषय होता. आठ वेगवेगळ्या स्त्रिया दिवसभर शहरात कुठे जातात, कशा जातात, कुठे अडतात, ते त्यात दाखवलं होतं. कोणी नोकरी करणारी, कोणी बाबागाडी ढकलणारी, कोणी वयस्कर. ते भरवणाऱ्यांत एव्हा काइल नावाच्या नगररचनाकार होत्या. पुढच्याच वर्षी शहराने महिलांसाठी एक स्वतंत्र कार्यालय सुरू केलं आणि त्याची सूत्रं काइल यांच्याकडे आली. त्यातून पुढे एक गृहप्रकल्प उभा राहिला. आराखडा स्त्री वास्तुरचनाकारांनी केला, घरं ३५७, आणि काम १९९७ साली पूर्ण झालं. प्रत्येक मजल्यावर बाबागाड्या ठेवायला जागा, शेजारणीपाजारणी दोन मिनिटं थांबून बोलू शकतील असे रुंद जिने, आवारातच बालवाडी, डॉक्टर आणि औषधांचं दुकान. यातलं काहीच चमत्कारिक नाही. ज्या बाईला दिवसातून चार खेपा घालाव्या लागतात, तिच्या खेपा कमी करायच्या, एवढाच हिशेब.

पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते त्यांच्या बागांनी. १९९६-९७ मध्ये व्हिएन्नात एक पाहणी झाली. बागेत कोण येतं? नुसती माणसं मोजली नाहीत, तर वय आणि मुलगा-मुलगी असं वेगळं करून मोजली. तेव्हा दिसलं, की नऊ-दहा वर्षांच्या पुढच्या मुली बागांमधून जवळजवळ नाहीशा होतात. मुलगे मात्र येतच राहतात.

आता माझी जुनी यादी घेऊन त्या बागेत गेले असते तर? बाग सर्वांना खुली आहे का? होय. मुलींना मज्जाव आहे का? नाही. माझ्या कागदावर शंभरपैकी शंभर गुण! फाटकावर कोणी अडवत नव्हतं, पण आत एकच मोठं मोकळं मैदान होतं. ते खेळणाऱ्या मुलग्यांनी व्यापलं की मुली भांडत बसत नसत, घरी जात. आपल्याकडच्या कुठल्याही मैदानावर संध्याकाळी क्रिकेट सुरू झालं की काय होतं, ते आठवून बघा.

१९९९ मध्ये त्यांनी दोन बागा बदलायला घेतल्या. चालायचे रस्ते वाढवले, झाडंझुडपं लावून मोठ्या जागेचे लहान भाग पाडले, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनची सोय केली. मग पुन्हा जाऊन पाहिलं. मुली परत येऊ लागल्या होत्या आणि कुठल्याच एका गटाची मक्तेदारी उरली नव्हती. असे अनुभव साठत गेले आणि २०१३ साली त्यांनी शहर नियोजनासाठी एक सविस्तर मार्गदर्शिका काढली. क्रम लक्षात घ्या: आधी मोजणी, मग दोनच ठिकाणी बदल, मग पुन्हा पाहणी, आणि पुस्तक सगळ्यात शेवटी. मी पुस्तक आधी छापलं होतं.

आता आपल्या देशात येऊ या. आपण मोजत नाही असं नाही. पण कोणाला मोजतो ते बघा. २०११ च्या जनगणनेत लोक कामाला कशाने जातात आणि किती लांब जातात, हे विचारलं गेलं. ही फार उपयोगाची माहिती आहे. पण ती शेती आणि घरगुती उद्योग सोडून इतर कामं करणाऱ्यांची. मुलाला शाळेत सोडणं, रेशन आणणं, सासूबाईंची औषधं आणणं, हा प्रवास त्यात येत नाही. तिकडे २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत काय दिसलं? घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटं देतात. असं काम करणारे पुरुष देतात ९७ मिनिटं. आणि मुळात असं काम करणाऱ्या स्त्रिया ८१ टक्के, पुरुष २६ टक्के. म्हणजे दिवसाचे पाच तास ज्या कामात जातात, त्या कामासाठीच्या खेपा वाहतुकीच्या आराखड्यात धरलेल्याच नसतात. बस सकाळी नऊला आणि संध्याकाळी सहाला भरपूर, आणि दुपारी एक वाजता मुलाला आणायला निघालेली बाई ऊन खात स्टॉपवर उभी.

पैशांचंही तसंच. २००५-०६ पासून केंद्राच्या अर्थसंकल्पाबरोबर स्त्रियांसाठीच्या तरतुदींचं वेगळं विवरणपत्र येतं. एका भागात पूर्णपणे स्त्रियांसाठीच्या योजना, दुसऱ्या भागात ज्यांचा निदान ३० टक्के वाटा स्त्रियांसाठी आहे अशा योजना. हे मोठं पाऊल होतं. पण ते सांगतं तरतूद किती. दार कोणत्या वेळेला उघडं असतं, ते त्या विवरणपत्रातून कसं कळणार?

मग आपल्याकडे वापर मोजल्याची उदाहरणं आहेत का? आहेत. २०११ मध्ये मुंबईत ‘राइट टू पी’ या मोहिमेतल्या कार्यकर्त्यांनी सार्वजनिक स्वच्छतागृहं पालथी घातली. त्यांनी साधी गोष्ट उजेडात आणली: पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना मात्र पैसे. नियमांच्या पुस्तकात हा भेदभाव शोधून सापडला नसता. दाराशी उभं राहिल्यावर सापडला.

दुसरं उदाहरण तुमच्यातल्या अनेकांच्या रोजच्या अनुभवातलं आहे. दिल्लीत २०१९ पासून, तमिळनाडूत २०२१ पासून, कर्नाटक आणि तेलंगणात २०२३ पासून सरकारी बसमध्ये स्त्रियांना मोफत प्रवास आहे. महाराष्ट्रात मार्च २०२३ पासून एसटीत निम्मं भाडं आहे. या योजना चांगल्या की वाईट, यावर घरोघरी वाद आहेत. तो वाद आज बाजूला ठेवू. मूल्यमापन करणारी म्हणून माझं लक्ष गेलं ते शून्य रुपयांच्या तिकिटाकडे. पैसे घ्यायचे नाहीत, तरी तिकीट फाडायचं. त्यामुळे कोणत्या मार्गावर, कोणत्या वेळेला किती स्त्रिया चढल्या, याचा हिशेब रोज आपोआप तयार होतो. असा हिशेब पूर्वी आपल्याकडे नव्हता.

पण इथेही सावध राहायला हवं. स्टॉपवर फक्त बायका दिसल्या की ड्रायव्हर बस थांबवत नाही, अशी तक्रार कानावर येते. जी बाई बसमध्ये चढूच शकली नाही, तिचं तिकीट निघत नाही. ती हिशेबात कुठून येणार? म्हणून यंत्रातला आकडा घ्यावा आणि स्टॉपवरही जाऊन उभं राहावं. दोन्ही लागतं.

आता मी कोणताही प्रकल्प तपासायला जाते तेव्हा जुनी यादी सोबत असते, पण तिच्या पाठकोऱ्या बाजूला पाच प्रश्न लिहिलेले असतात. ते तुम्हाला देते.

पहिला, इथे कोण दिसत नाही? येणारे मोजणं सोपं असतं, न येणाऱ्यांचा विचार मुद्दाम करावा लागतो.

दुसरा, मी कोणत्या वेळेला आले आहे? सकाळ, भर दुपार आणि दिवेलागणीनंतर, अशा निदान तीन वेळा गेल्याशिवाय मी अहवालावर सही करत नाही.

तिसरा, बैठकीत सही करणारी बाई बोलली का? आणि तिच्या बोलण्याने आराखड्यात एखादी रेघ तरी हलली का? हजेरी म्हणजे सहभाग, असं धरू नका.

चौथा, कोणत्या स्त्रिया? ऑफिसला जाणारी, भाजी विकणारी, कुबडी घेऊन चालणारी, पहाटे रस्ता झाडणारी, यांची गरज एकच नसते. स्त्रियांसाठी म्हणून केलेलं काम त्यांच्यातल्या सगळ्यात अडचणीत असलेल्या बाईला उपयोगी पडतंय का?

पाचवा, किल्ली कोणाकडे आहे? म्हणजे उद्घाटनानंतर हे सांभाळणार कोण, कोणाच्या पगारातून, आणि बंद पडलं तर तक्रार कोणाकडे करायची?

शेवटचा मुद्दा देवाणघेवाणीचा. आपल्याकडे ‘उत्तम उदाहरण’ म्हणून काय फिरतं? फोटो. गुलाबी रंगाची भिंत, फीत कापणारे हात. मग दुसरं शहर तोच गुलाबी रंग आणतं. रंगाची नक्कल सोपी असते, रोज रात्री नऊपर्यंत दार उघडं ठेवायची व्यवस्था उचलणं कठीण. म्हणून चांगलं काम दुसऱ्याला सांगताना चार गोष्टी लिहाव्यात असं मला वाटतं: आधी काय मोजलं, काय बदललं, एक वर्षाने पुन्हा काय मोजलं, आणि कुठे फसलो. चौथी गोष्ट कोणी लिहीत नाही. पण दुसऱ्या गावच्या इंजिनिअरला सगळ्यात जास्त उपयोग तिचाच होतो.

मी माझं चौथं पान उशिरा लिहिलं. कुलपाची हकीकत, माझी चूक, सगळं एका पानावर उतरवून ज्या नगरपालिकांना ती पुस्तिका गेली होती त्यांना पाठवलं. हात थरथरत होते, खोटं कशाला बोलू. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. दोन ठिकाणांहून मात्र आलं. एकाने एका ओळीत लिहिलं होतं, “मॅडम, आमच्याकडेही कुलूपच आहे.” दुसरीकडच्या तरुण इंजिनिअरने कळवलं, की तिथल्या बचत गटातल्या दोघींकडे आता ते काम मानधनावर दिलंय आणि शेवटची बस सुटेपर्यंत दार उघडं असतं. इतक्या वर्षांत माझ्या चांगल्या अहवालांनी जेवढं काम केलं नसेल, तेवढं या चुकीच्या कबुलीने केलं.

तुम्ही इंदूरला असा, बडोद्याला, हैदराबादला, बेळगावला किंवा दिल्लीत, माझी एक विनंती आहे. या आठवड्यात घराजवळच्या बागेत किंवा बसस्टॉपवर एक तास बसा. कागदावर दोन रकाने आखा आणि मोजा. मग दिवस मावळल्यावर जाऊन पुन्हा एक तास मोजा. दोन आकड्यांत फरक दिसला, तर शेजारी बसलेल्या बाईला विचारा की असं का. ती जे सांगेल ते तुमच्या नगरसेवकाला लिहून द्या. त्यासाठी नगररचनेची पदवी लागत नाही.

आणि जिथे कुलूप दिसेल, तिथे किल्ली कोणाकडे आहे, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.