लोकप्रतिनिधींचे मस्टर



अंबरनाथच्या कारखान्यांच्या फाटकांवर आमची उमेद गेली. भोंग्यानंतर पोचणाऱ्याची रोजी कशी कापली जाते, ते आम्ही पाहिले आहे. तेव्हा आपल्या आमदार-खासदारांचे मस्टर कोण तपासतो, हा प्रश्न आमच्या मनात यायचाच.

मस्टर आहे. लोकसभेत हजेरी नोंदवली की दिवसाचा भत्ता मिळतो. हजेरी नोंदवणारा आत किती वेळ बसला, हे त्यावरून कळत नाही. (कार्ड पंच करून चहाला जाणारे आमच्यातही आहेत, असो!) मंत्र्यांना तर हजेरीच नोंदवावी लागत नाही. विधानसभेपुरते पाहिले तर घटनेचे 190वे कलम सांगते की, परवानगीवाचून 60 दिवस सर्व बैठकांना गैरहजर राहणाऱ्याची जागा सभागृह रिकामी जाहीर करू शकते. 'करू शकते', करावीच असे नाही.

पण हजेरी हा सोपा भाग झाला. अवघड भाग मतदानाचा. 22 सप्टेंबर 2020 रोजी लोकसभेने कामगारांविषयीच्या तीन संहिता एकाच दिवशी मंजूर केल्या. दुसऱ्या दिवशी राज्यसभेने. पूर्वी 100 कामगार असलेल्या कारखान्यालाही कामगारकपातीसाठी सरकारची परवानगी लागे. तो आकडा 300 वर गेला, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून संहिता अंमलात आल्या. आपल्या औद्योगिक वसाहतींत 300 माणसे कामावर असलेले कारखाने किती, हे या सभेतला कोणीही सांगेल.

विरोधी पक्षांनी त्या वेळी बहिष्कार घातला होता. मंजुरी झाली ती आवाजी मतदानाने. 'होय' म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा, एवढेच ठरले. कोणी होय म्हटले, याची नावनिशीवार नोंद नाही. उल्हासनगर-अंबरनाथ कल्याण मतदारसंघात, बदलापूर भिवंडीत. दोन्हीकडचे मतदार सारखेच अंधारात! नावे नोंदली जातात ती मतविभागणी झाली तरच, आणि तशी मागणी कोणाही सभासदाला करता येते. 1985 च्या पक्षांतरबंदीमुळे पक्षादेशाविरुद्ध मत देणे कठीण झाले, हे खरे. पण मतविभागणी मागण्यासाठी तोंड उघडायला काय हरकत होती?

मुंबईच्या आमदारांचे प्रगतिपुस्तक 'प्रजा फाउंडेशन' काढते. आमची तीन गावे त्या हद्दीबाहेर. म्हणून आमची सूचना साधी आहे. प्रत्येक वाचनालयात एक वही ठेवावी. अधिवेशन संपले की हजेरी, विचारलेले प्रश्न आणि नोंदलेली मते तीत उतरवावी. नंतर प्रतिनिधी मते मागावयास आले की ती वही त्यांच्यापुढे ठेवून कोऱ्या रकान्यांबद्दल विचारावे. पहिल्या वहीचे पैसे आमच्या युनियनने दिले आहेत.