भाड्याच्या खोलीतला करंट

(जव्हार येथील कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



मारहाण, रेशन, रोजगार हमी यांवर आपण नेहमी बोलतो. आज मी भाड्याच्या खोलीतल्या वायरिंगविषयी बोलणार आहे. हा बायकांचा प्रश्न कसा, असं कुणी विचारेल.

जव्हार-मोखाड्यात भाड्याच्या खोल्यांत कोण राहतं? बदलीवर आलेल्या नर्सताई, शिक्षिका, पाड्यांवरून कॉलेजला आलेल्या मुली, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई. पाणी तापवायचं, ओल्या हातानं बटण दाबायचं, तारेवर कपडे वाळत घालायचे, हे सगळं तिच्याच वाट्याला. पावसाळाभर भिंती ओल्या. एका मीटरवर चार खोल्या, तीन पिनांच्या सॉकेटला दोनच वायरी, अर्थिंगचा पत्ता नाही. नळाला हात लावला की झिणझिण्या येतात. मालकाला सांगितलं तर उत्तर ठरलेलं: "चपला घालून वापरा, नाहीतर खोली सोडा." एकट्या बाईला दुसरी खोली सहज मिळत नाही. ती गप्प बसते.

यात नशिबाचा काही संबंध नाही. साधा एमसीबी भार वाढला किंवा शॉर्टसर्किट झालं तर पडतो. अंगातून जाणारा करंट त्याला कळत नाही. तो तोडायला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी लागतो, आणि जोडीला नीट अर्थिंग. पण घरगुती वायरिंगची तपासणी बहुतांशी मालकाच्याच भरवशावर सोडलेली आहे. इंग्लंडमध्ये 2020 च्या नियमांनी भाड्याच्या घरातली वायरिंग निदान दर 5 वर्षांनी तपासून अहवालाची प्रत भाडेकरूला देणं मालकावर बंधनकारक केलं. ही मागणी आपणही करायला हवी.

तोवर काय करायचं? खोली बघायला दोघी-तिघींनी मिळून जावं. परवानाधारक ठेकेदाराकडून वायरिंग तपासून मागावं. दुरुस्तीचं पत्र मालकाला लेखी द्यावं, पोच घ्यावी; सही सगळ्या भाडेकरणींची, एकटीची नको. वीज कायदा 2003 च्या कलम 43 नुसार जोडणीसाठी मालकाप्रमाणे तिथे राहणाऱ्यालाही अर्ज करता येतो, हे महावितरणच्या कार्यालयात ठामपणे सांगावं. आणि विजेनं कुणी दगावलं तर कलम 161 खाली विद्युत निरीक्षकाच्या चौकशीची मागणी करावी. 'बाईचा निष्काळजीपणा' एवढं लिहून कागद मिटू देऊ नये.

जव्हार नगर परिषद आणि मोखाडा नगर पंचायतीला द्यायचं निवेदन आज इथेच लिहूया. प्रत्येकीनं आपल्या खोलीत काय आहे, काय नाही, ते सांगावं. निवेदनाची सुरुवात त्याच यादीनं करू.