घरपट्टी आणि आकारणीची यादी



घरपट्टीचे बिल हाती पडले म्हणजे गृहस्थाची दृष्टी प्रथम तळाच्या रकमेवर जाते, आणि ती गतवर्षीहून अधिक दिसली की नगरपरिषदेच्या नावाने बोटे मोडीत तो एक तर ती भरून टाकतो किंवा थकबाकीत पडू देतो. परंतु ती रक्कम ज्या दप्तरात ठरली, त्या आकारणीच्या यादीत आपल्या घराविषयी काय लिहिले आहे हे पाहण्याची तसदी फार थोडे लोक घेतात. मला आज आग्रहाने सांगावयाचे आहे ते हे की, करदात्याने आपला हक्क बजावण्याचे खरे स्थान ही यादी आहे.

१९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या मूळ योजनेत घरावरील कराचा पाया, त्या घरास वाजवी रीतीने जे वार्षिक भाडे येऊ शकेल, त्यावर घातला आहे. मालक स्वतःच तेथे राहत असला आणि भाड्याची एक पैही त्याला मिळत नसली, तरी हे मूल्य ठरवावेच लागते. समजा, दरमहा १,००० रुपये भाडे योग्य ठरले, तर वर्षाचे १२,००० झाले. त्यातून दुरुस्तीदाखल शेकडा १० वजा जाता १०,८०० रुपये करयोग्य मूल्य उरते व कराचा दर त्यावर चालतो. मुंबईत २०१० पासून भांडवली मूल्याची पद्धत आली. तिचा विचार निराळा. बिलात शिक्षणकराची जी रक्कम असते ती नगरपरिषद सरकारसाठी वसूल करते, तेव्हा तिच्याबद्दलचा रोष नगरसेवकावर काढणे अस्थानी होय.

आता यादीतील एखादी नोंद जवळून पाहू. मालकाचे व भोगवटादाराचे नाव, बांधकामाचा प्रकार, क्षेत्रफळ, वापर, आणि मग मूल्य. रस्त्याकडच्या ज्या खोलीत एके काळी किराण्याचे दुकान होते आणि जेथे आज वृद्ध वडिलांची खाट आहे, ती खोली येथे बिगरनिवासीच राहून गेलेली असते. परसातील पाडून टाकलेली पत्र्याची शेड कागदावर अद्याप उभी असते. यात कारकुनाचा दुष्टावा असतोच असे नाही. मोजणीस आलेला मनुष्य दाराला कुलूप पाहून परततो आणि जुनी नोंद पुढे ओढली जाते.

ही यादी सामान्यतः चार वर्षांतून एकदा नव्याने तयार होते, तिची जाहीर नोटीस निघते, आणि हरकतीसाठी निदान तीस दिवसांची मुदत मिळते. त्या काळात यादीतील कोणाही मालकास किंवा भोगवटादारास ती पाहण्याची व विनामूल्य उतारे घेण्याची मोकळीक आहे. या तरतुदीचे मोल मला फार वाटते; कारण आळीतील दुमजली वाड्याची आकारणी आपल्या दोन खोल्यांच्या शेजारी ठेवून पाहता येते, आणि सधनाच्या घराचे मूल्य कमी लागले असेल, तर नगराच्या खर्चाचा तेवढा भार अखेर दुर्बळांवर पडतो. मुदत मात्र हातची गेली, तर पुढे अपिलाची वाटही बिकट होते.

एक गैरसमज येथेच दूर करावयास हवा. घरपट्टीची पावती आपल्या नावाची आहे एवढ्याने घर आपल्या मालकीचे ठरत नाही. न्यायालयांनी हे वारंवार सांगितले असूनही भावाभावांच्या वाटणीत पावत्यांचे गठ्ठे दाखवून हक्क सांगणारे आजही पुष्कळ आढळतात. खरेदीखत, वाटणीपत्र, मिळकतपत्रिका यांचे काम पावती करीत नाही.

हरकतीच्या अर्जात 'कर फार झाला' एवढेच लिहिल्यास अधिकाऱ्यापुढे निर्णय करण्याजोगे काहीच राहत नाही. कोणत्या रकान्यातील कोणती नोंद चुकली, प्रत्यक्ष माप काय, वापर केव्हा बदलला, हे नेमके लिहावे. मंजूर नकाशा, वीजबिल, शेजारच्या तशाच घराचा उतारा सोबत जोडावा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी, आणि सुनावणीच्या दिवशी स्वतः हजर राहून फेरमोजणी मागावी.